चमन शिकलगाराची राज्यं

मंगळवार पेठेतल्या चमन शिकलगारानं आयुष्यात एकच मोठं काम उभं केलं, आणि ते बुडवलं ते काही परक्यांनी नव्हे.

चमन उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर होता. माणूस तोंडाचा फटकळ, चटकन तापणारा. दिवाळीत गल्लोगल्ली पोरं मातीचे किल्ले करतात, मावळे मांडतात आणि बघत बसतात. त्र्याहत्तरच्या दिवाळीत कुणाच्या गल्लीचा किल्ला भारी यावरून तालमीच्या कट्ट्यावर चांगल्या बाप्या माणसांचीच जुंपली. चमन खेकसला, की नुसते बघायला किल्ले कशाला बांधता, राज्यं चालवून दाखवा. आणि त्यानं खरंच चालवायला लावली.

एकेका गल्लीचं, एकेका तालमीचं एकेक राज्य. प्रत्येकाला राजा, दिवाण, सेनापती, आणि बोलणी करायला वकील. आठवडाभर खल करून प्रत्येक राज्यानं आपली चाल ठरवायची आणि ती फक्त चमनच्या कानात सांगायची. चमननं साऱ्या चाली एकमेकींवर घालून बघायच्या, आणि रविवारी दुपारी गांधी मैदानात सगळ्यांपुढं सांगायचं, काय घडलं ते. कुणाच्या कडब्याच्या गंज्या जळाल्या, कुणाचा तह मोडला, गगनबावड्याच्या घाटात कुणाचं मीठ अडलं. शनिवारपर्यंत निकाल खुद्द चमनलाही ठाऊक नसायचा. बाजार समितीतला हमाल दिवाण झाला, पंक्चर काढणारा सेनापती झाला. माणसं रस्त्यात भेटली तरी एकमेकांना ‘महाराज’ म्हणायला लागली.

खेळात दगा चालायचा. राजे तह करताना हातात वीटभुकटी घेऊन शपथ वाहायचे. भंडारा घ्यायचा नाही, हा चमनचाच नियम. आपल्याकडं बिरदेवाचा भंडारा, देवावरची हळद, हातात उचलली की शब्द मोडत नाही, आणि खेळातल्या दग्याचं पाप कुणाच्या घरात शिरू नये, म्हणून वीटभुकटी.

दुसऱ्या वर्षी उचगाव आलं, आणखी गावं आली. एकट्या चमनला सगळ्यांचं ऐकणं होईना. शेजारच्या लेथवर उचगावचा गुंडू होता. मिशी फुटायच्या आधी कारखान्यात आलेला, चमननंच हात धरून कामाला लावलेला. गावाकडच्या राज्यांच्या चाली ऐकायला चमननं त्याला नेमलं. त्या दिवशी मात्र खरा भंडारा आणवला. गुंडूनं तो मुठीत घेतला, आणि ऐकलेलं चमनशिवाय कुणाला सांगणार नाही, असं सगळ्या राजांदेखत म्हणाला.

मंगळवार पेठेचा राजा हंबीरराव. तालमीतला गडी, आवाज असा की मैदानाच्या पार टोकाला ऐकू जावा. त्याच्या पुतणीसाठी गुंडूच्या घरी बोलणी चालली होती. चमनला ते कळलं तेव्हा तो खूशच झाला होता, आपल्या खेळात सोयरीक जुळतेय म्हणून.

मग उचगावनं डाव टाकला. राजा पिराजीनं घाट मुद्दाम मोकळा सोडला आणि सगळी फौज खालच्या रानात दडवली. मंगळवार पेठ घाटावर धावली, की पाठीमागून घाला घालायचा. हंबीररावची चाल आली ती अशी, की घाटाकडं ढुंकून न बघता त्यानं सरळ मोकळी पडलेली उचगावची राजधानीच घेतली. चमनला वाटलं, गड्यानं डोकं चालवलं. रविवारी त्यानं निकाल सांगितला.

पिराजी उठला आणि म्हणाला, की हे फक्त दोघांना ठाऊक होतं. त्यातला एक आमच्या गावचा, आणि दुसरा मंगळवार पेठेतला.

चमनच्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. त्यानं गुंडूकडं बघितलं. गुंडू पायानं माती उकरत होता.

“गुंडू, तू भंडारा उचललायस. बोल.”

“उचललाय की. आनि म्या कुनालाबी सांगितल्यालं न्हाय.” गुंडू मान वर न करताच बोलला. “तुमच्याच पेठंचं राज्य हाय चमनभाई. आता मला कशाला वडताय मदी?”

“भंडाऱ्याचं याला काय हो,” पिराजी लोकांकडं वळून म्हणाला, “ह्यो कुठं आपल्यातला हाय?”

ज्या घरात मोहरमचे पंजे बसले की अर्धं उचगाव ऊद घालायला यायचं, त्या घरातल्या माणसाला तो हे बोलला. पण चमन पिराजीवर धावून गेला नाही. तो हंबीररावाकडं वळला, कारण खरं काय ते हंबीररावला माहीत होतं, आणि दोघं एकाच गल्लीत वाढले होते.

“हंबीरराव, तुमाला कुनी सांगितलं? माझ्या तोंडातनं एक शब्द तरी आलता का?”

हंबीरराव हसला. मिशीवरनं हात फिरवला.

“आपला हेर कुठला राजा सांगतो रं? खेळ हाय. एवढं काय मनाला लावून घेतूस?”

त्याच्या माणसांनी टाळ्या दिल्या. चमनला एक ‘न्हाय’ हवं होतं. तेवढं बोलायला हंबीररावचं काय जात होतं? पुतणीचं लग्न जात होतं. म्हणून त्यानं गल्लीतल्या भावाचं नाव मातीत जाऊ दिलं.

चमन म्हणाला, खेळ बंद. तर कुणीच बंद करेना. हंबीररावच म्हणाला, की निकाल सांगायला गुंडू हाय की. उचगावचे लोकही हो म्हणाले, आपला माणूस म्हणून. चमन एकटाच मैदानातून बाहेर पडला. त्याच्यामागं कुणी आलं नाही.

घरी बायकोनं, सलिमानं विचारलं, आज लवकर कसे. तो न जेवताच आडवा झाला.

आठवडाभर दोन लेथ शेजारी शेजारी फिरत राहिले. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत गुंडू येऊन उभा राहिला.

“चमनभाई, तीन राज्यांनी एकदम एकाच गडावर चाल केलीया. तिघांचाबी तह हाय एकमेकांशी. आता म्या काय सांगू?”

उत्तर चमनच्या ओठावर लगेच आलं. सुंदर उत्तर होतं. तिघंही रागावले असते आणि तिघंही हसले असते. कुणाला तरी ते सांगावं असं त्याला इतकं वाटलं, की त्यानं तोंड उघडलंसुद्धा.

मग त्यानं बटन दाबलं. लेथ घरघरायला लागला. गुंडू थोडा वेळ थांबला, पुन्हा काहीतरी बोलला, ते ऐकू आलं नाही.

रविवारी गुंडूनं सांगितलेल्या निकालावरून मैदानात दगडफेक झाली. सोमवारी कारखान्यात सगळे त्याच गोष्टी बोलत होते. चमननं साहेबाला सांगून आपला लेथ पलीकडच्या शेडमध्ये मागून घेतला, आणि गुंडूच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा ती त्यानं हातात घेतली नाही.