कोर्टावरची मळणी

आज दिवाळीच्या पाडव्याला शेजारच्या सूनबाईंनी दारात शेणाच्या गवळणी, त्या छोट्या बाहुल्या, मांडल्या. मुलांनो, त्या ओल्या वासासरशी मी सावेडीतल्या आमच्या टेनिस मंडळाच्या पहिल्या सामन्याच्या सकाळी जाऊन पोहोचले.

तेव्हा शहराबाहेरच्या या सावेडीत बंगले थोडे आणि शेतं फार होती. कोर्ट मुरमाचं होतं आणि आम्ही बायका ते शेणानं सारवत असू. त्या दिवशी शहरातला जुना क्लब आमच्याशी खेळायला येणार होता. तुमचे आजोबा आणि मी रॅकेट घेऊन पोहोचलो आणि जागीच थिजलो. नेटच्या अलीकडे अर्ध्या कोर्टावर बाजरीची कणसं पसरली होती आणि त्यांवरून मळणीचे बैल फिरत होते.

“अहो बाई, हे काय चाललंय?” आजोबांनी कसंबसं विचारलं.

बैल हाकणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, “सारवल्यालं खळं मोकळं दिसलं, म्हनून टाकली बाजरी. ही मधली जाळीबी लई कामाची हाय. बैल पल्याड जात न्हाईत.”

आजोबा तावातावानं पुढे झाले, तशा त्या आमच्याहून जास्त हादरल्या. “सायेब, खळ्यावर पायतान? आदी काढा ते.”

आजोबांनी मुकाट्यानं पांढरे बूट काढले. पाहुणे आले तेव्हा आमचा सगळा संघ अनवाणी कणसं गोळा करत होता. सामना दुपारी झाला आणि आम्ही हरलो.

त्या बाईंच्या धिटाईचा धक्का मला कितीतरी दिवस पुरला. आता धक्का बसतो तो आमचाच. आम्ही ती जमीन घेण्याआधी तिथे कुणाचं खळं होतं, हे आमच्यापैकी एकानंही कधी विचारलं नव्हतं.