आत्याची जपानी सुरी

माझी धाकटी आत्या जिच्यावर कधी चिडली नाही अशी एकही वस्तू परमेश्वराने निर्माण केलेली नाही. ती समुद्रावर चिडायची, कारण त्याच्या खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज गंजतात. हापूसवर चिडायची, कारण त्याच्या कौतुकापायी बिचाऱ्या रायवळला कोणी विचारत नाही. पुण्याच्या पाहुण्यांवर तर विशेष, कारण ते आल्या आल्या "साधंच करा हो काहीतरी" म्हणतात. "साधं म्हणजे काय शिंच्यांनो? साधं करायलाच तर वेळ लागतो!" हे ती त्यांना नेमकं ऐकू जाईल अशा बेताने स्वयंपाकघरातून म्हणे. मुलं मुंबईला, यजमान वारलेले, आणि मांडवीच्या त्या घरात ती एकटी. मी नोकरीला रत्नागिरीतच असल्यामुळे तिच्या रागाचा रोजचा रतीब माझ्याकडे होता.

पण विळीवर बसली की ही बाई गप्प होई. कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी चिरावी ती तिनेच. हाताला नि पात्याला तेल लावायचं, एक पाय विळीच्या पाटावर रोवायचा, आणि मग फणस पात्यावर असा सरकायचा की खाली नुसता कीस पडल्यासारखा ढीग होई. चैत्रात आमच्या देवळाचा उत्सव असे. आदल्या दुपारी आळीतल्या बायका आपापल्या विळ्या घेऊन सभामंडपात चिरायला बसत, आणि ओळीतली पहिली जागा आत्याची. ही जागा तिला कोणी दिलेली नव्हती, पण तिथे बसण्याची दुसऱ्या कोणाची प्राज्ञा नव्हती.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी सालचा सुमार असेल, तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी जमिनीवर बसणं कायमचं बंद केलं. "स्वतः मेला फिरत्या खुर्चीत बसून सांगतोय!" म्हणून आत्या डॉक्टरांवर महिनाभर चिडली. मग एका संध्याकाळी मला म्हणाली, "कळतंय का तुला, आता उत्सवाला मला खुर्चीवर बसवतील आणि मांडीत डाळिंब्यांचं पातेलं देतील. सोला म्हणतील!" भिजवलेल्या वालांच्या साली काढणं हे आमच्याकडे पोरासोरांचं, नाहीतर जिचं आता काही चालत नाही अशा म्हातारीचं काम. बोलताना तिचा आवाज रागाचा होता, पण डोळे भरले होते. मी तिथल्या तिथे ठरवलं की हिला उभ्याने चिरता येईल अशी फर्मास सुरी आणायची. अट तिने एकच घातली. तिच्या पेन्शनीला झेपेल तीच, भाच्याचा पैसा लागता कामा नये.

आता सुरी घ्यायची म्हणजे माणूस ती हातात धरून काहीतरी कापून बघतो की नाही? आत्या ते करत नसे. ती दुकानदाराला सांगे, "धरा ती घट्ट, धार माझ्याकडे. हलवायची नाही हं!" आणि पिशवीतून टोमॅटो काढून त्या माणसाच्या मुठीतल्या सुरीवर स्वतः ढकली. गोखले नाक्यापासून राम आळीपर्यंत सगळे दुकानदार असे सुरी परजून, डोळे मिटून उभे राहिले आहेत. मी शरमेने फळीवरचे स्टोव्हचे बर्नर मोजत बसे. एकाने धीर करून विचारलं, "आजी, तुम्ही स्वतः चालवून बघा ना?" तर म्हणाली, "मी कशाला चालवू? पात्याने गप्प उभं राहायचं असतं!" आणि वर सगळ्या सुऱ्या भिकार ठरवून ती माझ्यावरच चिडली.

शेवटी आत्याच्या शेजारचे हुसेनभाई रजेवर आले. ते बोटीवर स्वयंपाकी होते आणि जपानच्या एका बंदरातल्या बाजारातून त्यांनी तीन सुऱ्या विकायला आणल्या होत्या. पहिली मखमलीच्या पेटीत, पात्यावर लाटांची नक्षी. दुसरी लांब, निमुळती, मासळीची. तिसरी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, रुंद, चौकोनी तोंडाची, पातं काळपट आणि मूठ साध्या लाकडाची. मी तोवर या विषयावर चार ठिकाणी चौकशी करून विद्वान झालो होतो. पैसे पात्याला द्यावेत, पेटीला देऊ नयेत. चकाकीकडे बघू नये, धारेकडे बघावं, असं मी तिला ऐकवत होतो. तिने हुसेनभाईंनाही तिन्ही सुऱ्या धरून उभं केलं. पेटीवाली तिला परवडणारी नव्हतीच, त्यामुळे तिच्यावर ती अधिक चिडली. मासळीचीला म्हणाली, "ही खून करायची." तिसरीवर मात्र टोमॅटो ठेवला आणि त्याचे दोन भाग झाले ते टोमॅटोला कळलंसुद्धा नाही.

"नारळाला लावू नका आत्याबाय, धार तुटंल," हुसेनभाई म्हणाले. "धुतल्याबरोबर पुसायची. वापर नसला तर तेल लावून ठेवायची."

"सुरी आणलीत की जावई?" आत्या कडाडली. "कोकणात राहून नारळ फोडायचा नाही म्हणे!" पण तिने ती घेतली. म्हणजे मी ती तिच्या हातात देऊ लागलो तेव्हा अंगावर ओरडली, "खाली ठेव मेल्या! हातात देतोस, भांडायचंय माझ्याशी?" जसे काही एरवी आम्ही भजन करत होतो!

त्यानंतर आठवडाभर ती चिडली नाही. मी घाबरलो. घरी गेलो तर ओट्यावर ती सुरी आणि शेजारी गवारीचे लहानमोठे, वेडेवाकडे तुकडे. "जमत नाही रे," एवढंच म्हणाली. "पातं हलतं नि भाजी गप्प बसते. साठ वर्षं हाताला उलटं शिकवलंय मी." उत्सव तोंडावर आला होता.

दोन दिवसांनी गेलो तर अंगणात सुतार, आणि त्याच्यासमोर मी एवढ्या अकलेने निवडलेली ती सुरी, मुठीवाचून! मूठ ठोकून काढलेली. पात्याची शेपटी एका फणसाच्या जाड फळीत उभी बसवून तो वर पाचर मारत होता. मी किंचाळलो. कुठल्या जपानी कारागिराने जन्म घालवून केलेली वस्तू, आणि हिने तिची विळी केली! "ओरडतोस काय?" आत्या म्हणाली. "आता उभी राहील गप्प." फळी टेबलाला आवळायला सुताराने शिकंजाही आणला होता. तिचा आवाज पूर्वीसारखा चढला होता, आणि मला इतका संताप आला असतानाही ते ऐकून बरं वाटलं.

उत्सवाच्या आदल्या दुपारी सभामंडपात, ओळीच्या अगदी पुढे, टेबल मांडलं गेलं. सगळ्या बायका खाली बसलेल्या आणि आत्या उभी. तेलाचा हात, फणस पात्यावर सरकतोय, आणि खाली तोच ढीग. मी खुर्चीवर बसून बघत होतो, तर मान वळवून म्हणाली, "रिकामा काय बसलायस? त्या डाळिंब्या सोल. आणि मोडलीस एक तरी तर बघ!"

आत्याला जाऊन आता खूप वर्षं झाली. पाजळून पाजळून बोटभर उरलेलं ते पातं फळीसकट देवळाच्या भांड्यांच्या खोलीत आहे. भाजी चिरायला आता आचाऱ्याची माणसं यंत्र घेऊन येतात आणि फणसाचा नुसता लगदा करतात. मी आदल्या दुपारी जातो, खुर्ची ओढतो आणि डाळिंब्या सोलायला बसतो. माझ्याकडून पुष्कळ मोडतात. पण कोणी ओरडत नाही. "असू दे हो काका, चालतं," म्हणतात. चालतं म्हणजे काय? चालतं कसं? मला त्या वेळी इतका राग येतो की कधी एकदा मांडवीला जाऊन आत्याला सांगतोय असं होतं.