आज नळी चमकली नाही

आज सौंसरला घरी आहे. दुपारी नागपूरच्या लॅबमधून मैत्रिणीनं आमच्या प्रयोगाचा निकाल कळवला.

आम्ही डीएनएच्या धाग्यांपासून रोगाची चाचणी बनवून राहिलो. रोग असला तरच धागे सुटून नळी चमकायला हवी, पण आमचे धागे आपोआपच सुटायचे आणि रोग नसतानाही नळी चमकायची. या वेळी धाग्यांची टोकं जास्त घट्ट जोडली. रोगाची नळी चमकली, बिनरोगाची अंधारीच राहिली.

माझे डोळे भरून आले. आई घाबरली. "काय झालं वं?"

"काहीच झालं नाही. रोग नव्हता ती नळी चमकली नाही. तेच पाहिजे होतं."

मागच्या वर्षी आईला संसर्गाचा रोग असल्याच्या एका चुकीच्या रिपोर्टमुळं तिनं महिनाभर आपलं ताट वेगळं ठेवलं होतं. ती हळूच म्हणाली, "मंग चांगल्या माणसाले बिमार नाही सांगणार ना?"

"नाही सांगणार, आई."

तुम्हाला कधी 'काहीच नाही' ऐकून एवढं बरं वाटलंय?