भोंडल्याचा आडवा व्हिडिओ

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या भोंडल्याचा व्हिडिओ कुणीतरी आडवा घेतला. मोबाइल फिरवला की चित्रही फिरायचं, म्हणून वर्षभर मी तो मान वाकडी करूनच पाहिला. तशा मानेनं माणूस फक्त स्वतःला शोधतो. माझी जरीची साडी, माझ्या हातातला झाकलेला डबा, आणि समोर खिरापत ओळखणाऱ्या बायका.

आज दुपारी कॉम्प्युटरवर तो सरळ केला, तेव्हा माझ्या मागे उभी असलेली नीलिमा पहिल्यांदा दिसली. ती आपल्या लालभडक ब्लाउजवर बोट ठेवत होती, मग बोटांनी चौकोन करून दाखवत होती. लगेच सगळ्या म्हणाल्या, "बिटाच्या वड्या." आणि मी वेडी, त्यांच्या हुशारीला टाळ्या वाजवतेय.

बिटाचं फक्त नीलिमाला माहीत होतं. किसणी तिच्याकडूनच आणली होती ना.

गोष्ट वडीएवढीच आहे. कुणाला सांगितली तर हसतील. पण बारा वर्षांच्या मैत्रीत मी तिला वड्यांपेक्षा मोठं बरंच काही विश्वासानं सांगितलंय. त्या त्या वेळी माझ्यामागे काय चाललं होतं, त्याचा व्हिडिओ कुणाकडेच नाही.

तेवढ्यात तिचाच फोन आला.

"सकाळी म्हणत होतीस, तो व्हिडिओ झाला का गं सरळ? आणि उद्याच्या भोंडल्याला खिरापत काय करतेयस? मला तरी सांग."

"अजून काही ठरवलं नाही," मी म्हटलं. आणि घरात दुसरं कुणी नसतानाही, किसून ठेवलेल्या रताळ्यांवर ताट झाकलं.