चार किलवर आणि एक जावई

आमच्या सासूबाईंनी अकरा वर्षांत मला एकदाही चूक ठरवलं नाही. याचा अर्थ मी चुकलो नाही असा नव्हे. मी जावई होतो, एवढंच. त्यांच्या मिक्सरचं भांडं मी उलटं बसवून फोडलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "असू दे संदेशराव, जुनंच झालं होतं." (मिक्सर सकाळीच घरी आला होता.)

सासूबाईंना मी आई म्हणतो. त्या बोरिवलीत आमच्या समोरच्याच इमारतीत राहतात. आमची सई तीन महिन्यांची झाली आणि माझ्या बायकोची, मेधाची, रजा संपली. तेव्हापासून सई शाळेत जाईपर्यंत आईंनीच तिला न्हाऊमाखू घातलं, भरवलं, तापात रात्रंदिवस मांडीवर घेतलं. आमच्या दोघांच्या नोकऱ्या टिकल्या त्या या बाईमुळे. याबद्दल आभार मानायला मी तोंड उघडलं, की त्या "चहा टाकते" म्हणून आत निघून जायच्या. असे माझे बरेच चहा झाले.

आईंना आयुष्यात एकच शौक होता, पत्त्यांतला ब्रिज. बाबा, म्हणजे सासरे, गिरणीच्या ऑफिसात हा खेळ शिकले, त्यांनी बायकोला शिकवला, आणि तीस वर्षं दोघं एकमेकांचे भिडू होते. तीन वर्षांपूर्वी सासरे गेले. आईंनी पानांचा जोड त्यांच्या शालीखाली कपाटात ठेवला आणि टीव्ही बघायला लागल्या. त्या टीव्ही बघत नव्हत्या, हे मलासुद्धा दिसत होतं.

म्हणून एका रविवारी मी म्हणालो, "आई, मी होतो तुमचा भिडू."

"तू?" मेधा म्हणाली. "तुला रमीत जोकर कळत नाही."

आईंनी टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या, "मालाडला दर महिन्याला स्पर्धा असते. तिथे एकदा बसेन मी. नाही जमलं, तर पानं कायमची कपाटात. मग मला आग्रह करायचा नाही, संदेशराव."

आमचं शिक्षण सुरू झालं. ब्रिजमध्ये समोरासमोर बसणारे दोघं भिडू, आणि त्यांना एकमेकांची पानं दिसत नाहीत. म्हणून खेळाच्या आधी बोली लावायची आणि बोलीतूनच आपला हात भिडूला कळवायचा. मी "एक बदाम" बोललो, तर माझ्याकडे बदामाची निदान पाच पानं. भिडूलाही बदाम पसंत असेल, तर तो किती पसंत आहे हे सांगायच्या तऱ्हा असतात. "दोन बदाम" म्हणजे पसंत आहे, पण हात बेताचा. "तीन बदाम" म्हणजे जरा बरा. इथवर ठीक होतं. लग्न ठरवताना माणसं असंच बोलतात.

पण आई-बाबांची एक खास बोली होती. "चार किलवर". म्हणजे काय, तर मला तुझा बदाम फार पसंत आहे, माझा हात तगडा आहे, आणि माझ्याकडे किलवरचं जास्तीत जास्त एक पान आहे.

"कळलं ना, संदेशराव?"

"कळलं," मी म्हणालो. नसलेल्या गोष्टीचं नाव का घ्यायचं, हे मला अजिबात कळलं नव्हतं. पण सासूबाईंसमोर जावई "कळलं नाही" कसं म्हणणार? मी मान हलवली. पुढचे नऊ महिने दर रविवारी हलवली.

सरावात ही बोली एकदाच आली. मी पास म्हणालो. आईंनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "वेगळा विचार केलात, संदेशराव." त्या रात्री मी मेधाला सांगितलं, की आई माझ्या विचारांवर खूश आहेत.

स्पर्धेच्या दिवशी आईंनी ठेवणीतली हिरवी साडी नेसली. मालाडच्या हॉलच्या दारात त्या जरा थांबल्या. "ह्यांच्याबरोबर यायचे इथे," एवढंच म्हणाल्या. त्याच क्षणी मी ठरवलं, आज या बाईचं नाव राखायचं. माझं असं ठरवलेलं किती टिकतं, ते आता सांगतो.

तिसऱ्या फेरीत आमच्यासमोर घाटकोपरचे दोन गृहस्थ आले, एक जाडे, एक बारीक. माझ्या हातात बदामाची पाच दणकट पानं होती. मी ऐटीत "एक बदाम" छापलेलं बोलीचं कार्ड टेबलावर ठेवलं. बारीक गृहस्थ पास. आईंच्या डोळ्यांत तीन वर्षांनी चमक दिसली. त्यांनी कार्ड ठेवलं: चार किलवर.

जाड्या गृहस्थांनी मला विचारलं, "भाऊ, चार किलवर म्हणजे काय?" (बोलीचा अर्थ भिडूनेच सांगायचा, असा नियम आहे. बोलणाऱ्याने तोंडातून अक्षर काढायचं नाही.)

"किलवर," मी म्हणालो. "भरपूर किलवर."

आईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. जाडे गृहस्थ पास म्हणाले. माझी पाळी. माझ्याकडे किलवरची चार पानं होती, राणीसकट. मनात म्हटलं, आई एवढं किलवर म्हणतायत, तर त्यांच्या शब्दापुढे आपण कोण? आदराने पास म्हणालो. बारीक गृहस्थही पास. बोली संपली. किलवर हुकूम, आणि तेरापैकी दहा हात जिंकायचे होते आईंना.

आता आणखी एक नियम. भिडूने अर्थ चुकीचा सांगितला असेल आणि डाव आपल्याकडे आला असेल, तर पहिलं पान पडायच्या आत तसं सांगावं लागतं. आईंना हा नियम पाठ होता. अकरा वर्षांत जावयाला चूक न म्हटलेली ती बाई ताठ बसली आणि दोन परक्या माणसांना म्हणाली, "संदेशरावांनी सांगितलं, ते... म्हणजे, त्यांच्या जागी त्यांचं बरोबरच आहे. पण आमचं ठरलेलं वेगळं होतं. माझ्याकडे किलवरचं एकच पान आहे."

पंचांना बोलावलं. ते येऊन बारीक गृहस्थांना म्हणाले, "तुम्हाला चुकीची माहिती मिळाली होती. तुमचा पास बदलायचा आहे का?"

"नको नको," ते घाईघाईने म्हणाले. "आम्ही मजेत आहोत."

पहिलं पान पडलं, आणि बोली जिंकणाऱ्याच्या भिडूने मांडायची असतात तशी मी माझी पानं टेबलावर उघडी मांडली. आई रिवाजाप्रमाणे "थँक यू, भिडू" म्हणाल्या. तो थँक यू मी जन्मात विसरणार नाही. दहाच्या जागी चार हात झाले. आईंकडे बदामाची चार पानं होती, राजासकट. बदामात बारा हात घरबसल्या झाले असते.

चहाच्या सुट्टीत आई खिडकीशी उभ्या राहिल्या. हातातला वडा तसाच. मला डोळ्यांपुढे ते कपाट दिसायला लागलं, शालीखालचा पानांचा जोड दिसायला लागला. अगदी रडू आलं. मी जवळ जाऊन म्हणालो, "आई, मला ते चार किलवर कधी कळलंच नव्हतं. नऊ महिने मी नुसती मान हलवली."

त्या वळल्या. आणि अकरा वर्षं आत कोंडून ठेवलेली मालवणी बाहेर आली.

"मेल्या! कळाक नाय तर इचारूक काय झाला?"

हॉलमधले सगळे कप बशीवर थांबले. आईंनी स्वतःच तोंडावर हात ठेवला. "अगोबाई. जावयाला..."

"नाही आई, बोला," मी म्हणालो. खरंच सांगतो, मला इतकं बरं वाटलं! असं त्या फक्त मेधाला बोलतात. आणि बाबांना बोलायच्या.

"बोलू?" त्यांनी विचारलं. मग त्या बोलल्या. मिक्सरपासून सुरुवात केली. शेवटी वडा खाल्ला आणि कागदी बशीवर पेनने पानं काढून मला चार किलवर समजावलं. नऊ महिन्यांत जे गेलं नाही, ते चार मिनिटांत डोक्यात गेलं. उरलेल्या फेऱ्यांत मी प्रत्येक डावानंतर बोलणी खाल्ली आणि शेवटून दुसरा नंबर मिळवला. (शेवटची जोडी जेवायला म्हणून गेली ती परत आलीच नव्हती.)

परतताना आम्ही रिक्षा केली. आई बाहेर बघत म्हणाल्या, "पुढच्या महिन्याचं नाव देऊन आलेय मी. दोघांचं. आणि दर बुधवारीपण सराव करायचा. कळलं?"

"नाही कळलं," मी म्हणालो. "पुन्हा सांगा." त्या हसल्या. आणि मी तिथेच, रिक्षातच, सईसाठी त्यांचे आभार मानून घेतले. रिक्षात चहा टाकायला जागा नव्हती.

पानांचा जोड आता जेवणाच्या टेबलावर असतो. पूर्वी त्या घरी पहिली गरम पोळी मला मिळायची. आता मी ताट घेऊन रांगेत उभा असतो, आणि "मेल्या, सरक" ऐकून मला कृतार्थ वाटतं. फक्त परवा घाबरलो. एक डाव संपला, आईंनी चष्मा पुसला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "वेगळा विचार केलात, संदेशराव."

मी पानं खाली ठेवून हात जोडले. म्हटलं, "आई, वाटेल ते बोला. पण स्तुती करू नका."