तेलाच्या जाहिरातीचं पान

हे मी पोराला सांगितलं न्हाय, भावाला न्हाय. जिला सांगायचं, तिलाबी माझ्या तोंडानं कधी सांगितलं न्हाय. आता ती गेली — आता कुणापासून लपवू?

येरमाळ्याला हायवेवर माझं गॅरेज होतं. सुंद्रा, माझी बायको, पाना द्यायची, जॅक लावायची. मी चौथी शिकलेलो, तिला अक्षर येत नव्हतं. मोटारींचं एक मासिक एसटीचा ड्रायव्हर आणून टाकायचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी वाचायचो, ती ऐकायची. पयल्यांदा ते पातळ होतं, काळं-पांढरं, वर जीप. मग स्कूटरी आल्या, रंग आले, गुळगुळीत कागद आला. त्याच्यासंगं आमी म्हातारे झालो.

सांगतो. थांबा — नीट सांगतो.

एकदा देवी आईची जत्रा उठल्यावर, जत्रेत लोक रिवाजानं चुनखडीचे खडे वेचत्यात त्या मोकळ्या रानात, मी तिला दुरुस्तीची जीप चालवू दिली. हौस म्हणून. तिनं सरळ नेली, वळवली, माझ्यापुढं आणून उभी केली. घामानं भिजलेली, हसत होती. तसं हसताना तिला मी परत पाहिलं का? न्हाय. बघायला जमलेली स्टँडवरची टाळकी ओरडली, "काय मिस्तरी, आता भाकरी तुमी थापायच्या व्हय?" मीबी हसलो. आतून जळलो.

"मला पुरती शिकवा की," ती म्हणायची. मी म्हणायचो, बघू.

मग मासिकात एक पान सुरू झालं. दर महिन्याला एक बाई — कुणी ट्रक चालवणारी, कुणी रिक्षा — आपण कसं शिकलो ते सांगायची. संगं फोटो, स्टेअरिंगवर हात. सुंद्रानं त्यावर बोट ठेवलं. "हिचं काय लिवलंय?"

"तेलाची जाहिरात हाय," म्हणालो, आन पान उलटलं.

एकदाच बोललो असतो तर — पण मी दर महिन्याला बोललो. वर्षानुवर्षं. "तेल इकायला लई बाया लागत्यात, बया!" म्हणून ती हसायची. शिकवा म्हणणं कधी बंद झालं, कळलं न्हाय मला. का कळलं, आन बरं वाटलं? बरं वाटलं.

गेल्या साली मासिकाचा शेवटचा छापील अंक आला, पुढं म्हणं मोबाईलवरच. त्यात त्याचा सगळा इतिहास — कोणतं पान कधी सुरू झालं, का झालं. सुंद्रा अंथरुणाला खिळलेली. सून तिला वाचून दाखवत होती. बायांच्या पानाचं आलं. सुनेनं सगळं वाचलं, जुने फोटो दाखवले. मी दारातच उभा.

सुंद्रानं माझ्याकडं पाहिलं. "लई वर्सं पुरलं की वो तेल," एवढंच म्हणाली. आन भिंतीकडं तोंड केलं.

पुढं मी कधी अंक घेऊन बसलो तर म्हणायची, "ऱ्हाऊ द्या. सूनबाई वाचंल." माफी मागितली का मी? न्हाय. मागता आली असती.

आता गठ्ठे सोडतो. अंकाअंकातलं ते पान काढतो, मोठ्यानं वाचतो, रिकाम्या खाटेपुढं. एक अक्षर अडत न्हाय.

तवाबी अडत नव्हतं.