पाण्याचा शनिवार

अकोला स्टेशनवर सकाळी सहाला मी इतकी खुशीत होते की हमालानेच विचारलं, "लग्नाला का बाई?" म्हटलं, "त्याहून मोठं." नव्वद सालचा जानेवारी, अंगावर दोन स्वेटर आणि पिशवीत तीन वह्या. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात तिथल्या ख्रिस्ती मंडळीचं शिबिर होतं. विषय होता देवाची प्रीती अनुभवण्यासाठी हृदयाची तयारी, आणि रविवारी भाकर-द्राक्षरसाचं प्रभुभोजन. मी शाळामास्तरीण, तयारी म्हटली की मला चेव येतो. चाळीस दिवस पहाटेचं वाचन, बुधवारचा उपास, रोजच्या चुका वहीत लाल शाईने. आमच्या महिला मंडळातल्या तुम्ही सगळ्या हसलात, मला माहीत आहे. पण गेली सहा वर्षं मी प्रार्थनेला बसले की आतून काही म्हणजे काही येत नव्हतं. देव माया करतो हे मी मुलांना शिकवत होते, मला स्वतःला ती लागत नव्हती. या खेपेला लागणारच, असा मी चंग बांधला होता.

जळगावला उतरले ती थेट एस.टी. स्टँडवर. धुळ्याच्या गाडीला तास होता, म्हणून समोरच्या खानावळीत भरीत मागवलं. काड्यांच्या जाळावर भाजलेलं हिरवं वांगं, लाकडी बडग्याने ठेचलेलं, त्यात कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची भाकरी (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली). वाढणाऱ्याने विचारलं, "तिखट चाली का?" मी वऱ्हाडातली, मला काय विचारतोस, असा चेहरा केला. दुसऱ्या घासाला नाकाडोळ्यांतून धारा. तरी ताट चाटूनपुसून साफ केलं आणि दोन तांबे पाणी पिऊन गाडीत बसले.

एरंडोलला शेजारी एक म्हातारी येऊन बसली, मांडीवर बोरांची पाटी. माझ्याकडे बघून म्हणाली, "कोठे जाई राहिनी माय?" (कुठे चाललीस?)

"शिरपूरकडे, शिबिराला. देवाची माया अनुभवायला."

तिने जरा विचार केला. "त्यानासाठे इतलं लांब?"

मी तिला नीट समजावून सांगावं म्हणून पहिली वही काढली. तिसऱ्या पानाला तिने माझ्या ओंजळीत बोरं ओतली आणि डोळे मिटले. पारोळा गेलं, धुळं आलं, गाडी बदलली. तापीच्या पुलावर आल्यावर नदीचं एवढं मोठं पात्र बघून मला राहवेना; मी चक्क गाणं म्हणायला लागले. कंडक्टर म्हणाला, "बाई, तिकीट तेवढं दाखवा, मग म्हणा." शिरपूरहून जीप, आणि जीप थांबली तिथून चार किलोमीटर पायी. समोर सातपुडा, दोन्ही बाजूंना तुरीची शेतं. पाय दुखत होते पण मन उड्या मारत होतं.

गाव लहान, कुडाच्या भिंतींचं. मंडळीचे वडील, म्हणजे प्रमुख, सगळ्यांचे नाना. साठीचे, सडसडीत, बोलणं मोजकं. त्यांच्या आणि नानींच्या घरी माझी सोय होती. रात्री जमिनीवर घोंगडीत अशी झोप लागली की विचारू नका.

शनिवारी सकाळी मी वही-पेन घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसले. रांगेत मी एकटीच. नाना म्हणाले, "आज भाषण नही. आज पानी पेवाना दिन शे." (आज पाणी पिण्याचा दिवस आहे.)

तिथली रीत अशी. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, भांडणामुळे ज्या घरचं पाणी पिणं आपण बंद केलं असेल त्या घरी स्वतः जायचं आणि पाणी मागायचं. घरच्या माणसाने काही न विचारता द्यायचं. पाणी पोटात जाईपर्यंत भांडणाचा शब्द काढायचा नाही. मगच दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाच्या मेजाजवळ यायचं.

नानी मला घेऊन निघाल्या. त्यांचं जावेशी मोहाच्या एका झाडावरून वाजलं होतं. दारात उभं राहून त्या म्हणाल्या, "पानी दे व माय." जावेने तांब्या घासायला घेतला, आणि घासतेय, घासतेय. नानी मुकाट उभ्या. शेवटी पाणी आलं, नानी गटागटा प्यायल्या आणि तोंड पुसून पुन्हा मोहाचं झाड काढलं. दोघी एकाच बाजेवर बसून तावातावाने भांडल्या आणि मध्येच हसत सुटल्या. मलाही हसू आवरेना. आल्याचं सार्थक झालं, हे अकोल्याला कसं रंगवून सांगायचं, हेच माझ्या डोक्यात.

परत येताना नानींनी विचारलं, "बाई, तुन्हं पानी कोठे बंद शे?"

"कुठेच नाही," मी म्हटलं, अगदी वर्गात म्हणते तसं.

मी ओट्यावर बसून वही उघडली आणि मला एक अक्षर लिहिता येईना. खोटं बोलले होते. माझी थोरली बहीण, अक्का, दोंडाईच्याला राहते. आई तिच्याकडेच असायची. सहा वर्षांपूर्वी भर मे महिन्यात आई गेली. तार मिळताच मी निघाले, पण भुसावळला सुरतेकडची पॅसेंजर चुकली, आणि मी पोहोचले तेव्हा आईला मातीत ठेवून माणसं परत येत होती. मी अंगणातच अक्काला म्हटलं, "तुला माझ्यासाठी थांबता आलं नाही. तुझ्या घरचं पाणी मला विष आहे." आणि उभ्या पावली परतले. तेव्हापासून ना पत्र, ना नाताळचं कार्ड.

नानांना सांगितलं ते या आशेने की ते म्हणतील, लांब आहे, राहू द्या. ते म्हणाले, "दोंडाईचा? जवळ शे. बाराले जीप सापडी."

"पण नाना, उद्याचं प्रभुभोजन चुकेल माझं. त्यासाठी तर आले मी."

"जाई ये. आम्ही वाट देखसूत." (जाऊन ये, आम्ही वाट बघू.)

मला रागच आला. वाट बघणं हे बोलायला ठीक असतं. तरी निघाले. जीप, मग शिरपूरहून एस.टी. सगळ्या वाटेवर, अक्काने दार लावून घेतलं तर काय करायचं, हा एकच विचार. पाण्याची रीत त्या गावातली. अक्काला ती कुठे ठाऊक होती?

ऊन उतरताना पोहोचले. अक्का अंगणात बाजरी पाखडत होती. केस पार पांढरे झाले होते. मी फाटकाशी उभी राहिले आणि कसंबसं म्हटलं, "अक्का, पाणी दे."

सूप तसंच ठेवून ती आत गेली. तांब्या घेऊन आली. मी प्यायले, अर्धं साडीवर सांडलं.

"स्टँडवरून चालत आलीस?" तिने विचारलं.

मी मान हलवली. मग ती खाली बघत म्हणाली, "उन्हाळा होता गं मंगला. दोनदा बर्फ आणला. पाच वाजेपर्यंत थांबवलं सगळ्यांना. त्यापुढे आईची दशा बघवेना."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. आणि जे चाळीस दिवसांत एकाही वहीत लिहिलं नव्हतं ते बोलले. "पंधरा दिवस आधी तुझं पत्र आलं होतं, आई आठवण काढते, ये म्हणून. मी परीक्षेचे पेपर तपासत बसले. ते सोसवेना, म्हणून सगळं तुझ्यावर ढकललं."

अक्काने माझ्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला. मग म्हणाली, "मी तेव्हापासून प्रभुभोजन घेतलं नाही. बहिणीला आपण विष आहोत, मग कोणत्या तोंडाने घेऊ? ताट आलं की शेजारणीकडे देते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विष म्हणणारी मी, आणि मी दर महिन्याला पुढच्या बाकावर बसून भाकर खात होते. मी तिचे पाय धरायला वाकले. तिने दंडाला धरून उठवलं, "चल, हातपाय धू, जेवून घे."

"उद्या माझ्याबरोबर येशील?" मी विचारलं. ती लगेच हो म्हणाली, आणि पहाटेच्या गाडीसाठी माझ्या आधी तयार होती.

रविवारी शिरपूरला जीपच नव्हती. दीड तासाने एक मिळाली. त्यात अक्काचे गुडघे दुखरे; चार किलोमीटर चालायला आम्हाला दुपार झाली. उपासना सकाळी नऊची. निदान सगळ्यांशी ओळख होईल, असं म्हणत मी तिला ओढत होते.

वळणावरून बघितलं तर मांडवात सगळं गाव बसलेलं. पोरं आयांच्या मांडीवर झोपलेली, म्हातारे खांबांना टेकलेले. प्रभुभोजनाआधी तिथे कुणी अन्नाला शिवत नाही; सकाळपासून सगळे उपाशी होते. मेजावरची भाकर फडक्याखाली झाकलेलीच होती. आम्हाला बघून कुणी 'उशीर झाला' म्हटलं नाही. नाना उठले, फडकं काढलं आणि अक्काला म्हणाले, "ये अक्का, आठे बस." (इथे बस.) भाकर पहिली तिला दिली. या वेळी तिने ती शेजारणीकडे दिली नाही, खाल्ली. मग मला. माझ्यासारखीसाठी एवढी माणसं भुकेली थांबली, आणि देव तर सहा वर्षं थांबला होता. आनंदाने माझा ऊर भरून आला.

सोमवारी अक्काला शिरपूरला गाडीत बसवलं आणि मी धुळे-जळगाव करत परतीच्या गाडीत बसले. तुमच्यासाठी काय लिहावं याची मनात जुळवाजुळव चालली होती. हृदयाची तयारी मी घरी बसून, एकटीने, लाल शाईने करत होते. ती दोंडाईच्याच्या एका अंगणात अडली होती आणि मला ते पक्कं ठाऊक होतं. एवढंच लिहायचं ठरवलं. मन पिसासारखं हलकं होतं.

भुसावळला गाडी थांबली. पॅसेंजर चुकली होती तो फलाट समोर आला आणि मला एकदम हुंदका फुटला. सहा वर्षांत आईसाठी मी रडलेच नव्हते, नुसती चिडले होते. शेजारच्या बाईने पाठीवर हात ठेवला.

"कोण गेलं?"

"आई."

"कधी?"

"सहा वर्षं झाली."

ती हसली नाही. उठून तिने मला खिडकीची जागा दिली.